साहेबांच्या शेतातलं सफरचंद

अगं, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. एकदा थांबले ना, तर पुढचं सांगता येणार नाही मला, आणि घरी जायच्या आत हे कुणालातरी सांगायचंच आहे.

तो गेम आठवतोय? तूच पाठवला होतास. स्क्रीनच्या तळाशी एक पट्टी, त्यात इटुकलं शेत, आणि एक प्राणी आपला आपला पेरतोय, पाणी घालतोय, काढणी करतोय. आपण वर आपलं काम करत बसायचं. तू म्हणालीस, कंटाळा आला की खाली बघ, बरं वाटतं. तर तो मी माझ्यासाठी टाकलाच नाही. आईसाठी टाकला.

आई तेव्हा नुकतीच हॉस्पिटलमधून घरी आली होती. डॉक्टर म्हणाले, "आता घरीच ठेवा, त्यांना आवडेल ते करू द्या." इतकं गोड बोलले, की मला आधी बरंच वाटलं. मग बाबांकडे बघितलं, तर ते मनगटावरचं घड्याळ काढतायत, घालतायत, परत काढतायत. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

तिची कॉट पुढच्या खोलीत आणली, माझ्या टेबलाला लागून, म्हणजे मी ऑफिसचं काम करता करता तिच्याकडे लक्ष ठेवीन. आणि आईचं तुला माहितीय. अख्खं आयुष्य रोपवाटिकेत गेलेलं. पिशव्यांत माती भर, कलमं बांध, रोपांना ऊन-सावलीत हलव. नखांतली माती कधी गेलीच नाही तिच्या. अशा बाईला छताकडे बघत पडून राहायचं म्हणजे शिक्षाच की! खिडकीतून बघावं तर समोरच्या इमारतीचे पाइप. म्हणून माझा जुना कॉम्प्युटर तिच्या पायाशी स्टुलावर ठेवला, माउस तिच्या हाताखाली उशीवर, आणि म्हटलं, "चल, शेती करू."

"पडल्या पडल्या?"

"पडल्या पडल्या. राबायला माणूस आहे. निवड यातला एक."

ससा होता, बदक होतं, मांजर होती आणि एक गलेलठ्ठ बेडूक. बेडूक बघितला आणि ती इतकी हसली, इतकी हसली, की खोकला लागला. "अगं, हा तर आमचा साहेब! हात मागे, पोट पुढे, तस्साच उभा राहायचा बघ गेटपाशी." झालं, त्याचं नाव साहेब. मग आम्ही बघत बसलो तर साहेब नुसताच उभा. डोळे मिचकावतोय.

"काहीच करत नाहीये गं हा."

"आई, बी दिलं नाहीस अजून."

"म्हणजे हुबेहूब साहेबच!"

सुरुवातीला तीनच बिया मिळतात त्यात. मुळा, तो जेवणापर्यंत तयार. भोपळा, त्याला थोडे दिवस. आणि सफरचंदाचं झाड, ते खऱ्या घड्याळाप्रमाणे वाढतं, आठवडेच्या आठवडे घेतं. आधी पानं, मग फुलं, मग फळं. मी आपली बोलून गेले, "मुळा लाव, लगेच येतो."

"मुळा येताना काय बघायचं? सफरचंद लाव."

बाबा त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात निघाले होते, हातात डब्याची पिशवी. दारातून वळले आणि म्हणाले, "मुळाच लाव गं. मुळा बरा. लवकर येतो."

काय झालं सांगू, मी उगाच तिची चादर सारखी करायला लागले. बाबांनाही कळलं आपण काय बोलून बसलो ते. आईच मग म्हणाली, "अहो, तुम्हाला झाडातलं काय कळतं? तुम्ही तुमचे काटे बघा." आणि माउस दाबला. सफरचंद. साहेब उठले, फावडं घेतलं, खड्डा खणला. "आयुष्यात पहिल्यांदा," ती म्हणाली. बाबा हसल्यासारखं करून गेले.

तेव्हाच मला कळलं, की आईला सगळं माहितीय. आमच्याइतकंच. आमच्यापेक्षा जास्तच असेल. फक्त ते तोंडाने कुणी म्हणायचं नाही, असं आमचं तिघांचं न बोलता ठरलं होतं.

मग आमचा दिवस त्या पट्टीवरच चालायचा. उठल्या उठल्या ती विचारणार, "साहेब आले का कामावर?" साहेब पाणी घालताना घसरले की म्हणणार, "घाला अजून चिखल." इंजेक्शनवाली नर्स यायची, तिलाही दाखवायची. झाडाला पान फुटलं तेव्हा शेजारच्या काकूंना बोलावून घेतलं तिने! काकू बिचाऱ्या हातात पोळपाट तसाच घेऊन आल्या, आणि बघतात तर स्क्रीनवर हिरवा ठिपका.

एका दुपारी मी तिचे केस विंचरत होते. होते कुठे केस, पण तिला आवडायचं. तर ती म्हणाली, "तुला गंमत सांगू? मी एवढी झाडं लावली, त्यातल्या एकाचंही फूल बघितलं नाही. आमच्याकडे फूल यायच्या आत रोप विकलं जायचं ना. गिऱ्हाईक गाडीत घालून घेऊन जायचं. पुढे काय झालं, जगलं का मेलं, कोण कशाला सांगायला येतंय? फळाचं सोड, फळ बाजारात मिळतं. मला आपल्या हातच्याचं फूल बघायचंय एकदा."

बाबा दुकानात होते तेव्हा. त्यांना हे माहीतच नाही, हे लक्षात ठेव. त्यांना एवढंच माहिती, की ती झाडाची वाट बघतेय.

मग ती जास्त झोपायला लागली. बोलता बोलता डोळे मिटायचे. बाबा तिच्या उशाशी बसून झाडाकडे बघायचे, मग तिच्याकडे, मग परत झाडाकडे. एकदा मला विचारलं, "याला कळतं कसं गं, किती दिवस झाले ते?"

"कॉम्प्युटरच्या घड्याळावरून, बाबा."

मी मेल लिहीत होते, मान वर न करता उत्तर दिलं. आणि ते म्हणाले, "अस्सं."

आता बघ, माझे बाबा म्हणजे काय माणूस आहे. घड्याळं दुरुस्त करतात म्हणून नाही, पण चुकीची वेळ त्यांना सहनच होत नाही. कुणाच्या घरी गेले की आधी भिंतीवरचं घड्याळ बघणार. हॉस्पिटलमध्येसुद्धा वॉर्डातलं घड्याळ मागे पडलं होतं, तर खुर्चीवर चढून लावलं त्यांनी, सिस्टर ओरडत असताना. तो माणूस, अगं, तो माणूस...

मी औषधं आणायला गेले होते. परत येते तर आई उशीला टेकून बसलेली आणि बाबा कॉम्प्युटरपाशी, चेहरा कसा, तर परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा. "ये ये, बघ! आलं! सफरचंद आलं!"

आणि खरंच गं. अख्खं झाड लालेलाल. साहेब टोपली डोक्यावर घेऊन नाचतायत. मी आईकडे बघितलं. ती स्क्रीनकडे बघत होती, खूप वेळ. मग तिने बाबांकडे बघितलं. मग म्हणाली, "अय्या! केवढी लाल! अहो, माझा चष्मा द्या बघू."

बाबांनी चष्मा दिला. शिवाय स्वयंपाकघरात जाऊन खरं सफरचंद कापून आणलं. तिला पाणीसुद्धा धड गिळता येत नव्हतं, पण एक फोड तोंडात धरून बसली. बाबा हसत होते. किती दिवसांनी हसत होते, माहितीय? मी तर ते हसू विसरूनच गेले होते.

दुकानात जाण्याआधी ते जरा वेळ कॉम्प्युटरपाशी घुटमळले. मला वाटलं, झाड बघतायत. नाही गं. घड्याळ परत बरोबर लावत होते. पुढे केलेली तारीख तशीच ठेवून घराबाहेर पडणं त्यांना जमलंच नाही.

ते गेले आणि पट्टी थिजली. साहेब एक पाय हवेत, टोपली डोक्यावर, तसेच. वर पाटी आली. आई म्हणाली, "वाच." मी वाचलं. घड्याळ मागे गेलंय, म्हणून खरी तारीख तिथपर्यंत येईतोवर शेत बंद.

आई म्हणाली, "मला वाटलं, मी झोपले होते. तेवढ्यात फूल येऊन गेलं असेल."

"हो आई, झोपलीच होतीस तू. आलेलं फूल. मी बघितलं. पांढरं."

"खोटं बोलायला तुला तुझ्या बाबांसारखंच येत नाही."

मी रडायलाच लागले. म्हटलं, पुसून टाकते सगळं, नवीन झाड लावू, आत्ता लावू. तर म्हणाली, "वेडी आहेस का? संध्याकाळी ते येतील, लाल झाड शोधतील. काय सांगणार त्यांना? आणि नवीनला फूल येईपर्यंत..." एवढंच. माझा हात धरला. "त्यांना कळू द्यायचं नाही हं. उभ्या जन्मात कुणाचं एक मिनिट पुढे-मागे केलं नाही त्या माणसाने. माझ्यासाठी केलं."

मग रोज संध्याकाळी बाबा यायचे, विचारायचे, "काय म्हणतायत साहेब?" ती म्हणायची, "नाचून नाचून दमलेत, बसा म्हटलं तर ऐकत नाहीत." मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवायचे, रडलेलं ऐकू जाऊ नये म्हणून. तसं फार दिवस नाही चाललं ते. तुला माहितीच आहे, तू आलीच होतीस तेव्हा.

आता बाबा काय करतात माहितीय? येईल त्याला सांगतात. मामाला सांगितलं, काकूंना सांगितलं, दुकानात पट्टा बदलायला आलेल्या अनोळखी बाईलासुद्धा सांगितलं. "झाडाला फळ आलेलं बघून गेली हो. समाधानाने गेली." ते एकच वाक्य धरून तो माणूस उभा आहे गं. मी प्रत्येक वेळी मान हलवते. आतापर्यंत मान हलवून भागत होतं.

आज सकाळी चहा करत होते. मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "एक विचारू? खरं सांगशील?" आणि मग सगळं सांगितलं. तारीख कशी पुढे केली, मग परत कशी मागे आणली. म्हणाले, "अख्ख्या संसारात मी तिच्याशी एकदाच खोटं वागलो. तेही शेवटी. जेवण जात नाही मला. तिला कळलं होतं का गं? कळलं असेल तर बरं होईल. निदान फसवून पाठवलं नाही, असं तरी होईल."

बघ आता. कळलं होतं म्हणावं, तर ते तिथे थांबणारे नाहीत. घड्याळ उघडलं की शेवटचा स्क्रू निघेपर्यंत हात थांबत नाही त्यांचा. कशावरून कळलं, काय म्हणाली, कधी म्हणाली. आणि मग फुलाचं निघणार. जे तिला बघायचं होतं, तेच आपण ओलांडून पुढे नेलं, हे त्यांना कळणार. आणि नव्हतं कळलं म्हणावं, तर आपण तिला फसवलं, हे ते जन्मभर उराशी घेऊन बसणार. शिवाय आईला शब्द दिलाय मी. पण तिला तरी कुठे माहीत होतं, की ते असं विचारतील?

चहा उतू गेला. तो पुसायच्या निमित्ताने मी वेळ काढला, ऑफिसला उशीर होतोय म्हटलं आणि तुझ्याकडे आले. ऑफिसला कुठली जातेय. ते दुकानातून आले की परत विचारणार, आणि या वेळी चहा नसणार. सांग ना, तू असतीस तर काय सांगितलं असतंस त्यांना?