महाराजांचं अक्षर

लेखकमहाराजांच्या अभ्यासिकेत मुंगी शिरायला जागा नव्हती. महाराज जाऊन वर्ष झालं होतं. त्यांची भक्तिपर पुस्तकं घरोघरी होती, त्यांवरचे दोन चित्रपट गाजले होते, तिसरा आठवड्यावर आला होता. त्याच्या निर्मात्याने कोरा कागद सगळ्यांना दाखवून दिव्यावर धरला. तपकिरी अक्षरं उमटली. महाराजांचंच वळण!

"देह गेला, लेखणी थांबली नाही!" निर्माता गरजला. लेखणीला नेमकी याच आठवड्यात जाग कशी आली, हे कुणी विचारलं नाही.

त्याने वाचलं, "धाकटीने फिट्सच्या गोळ्या सोडाव्यात. माझा चित्रपट सात वेळा पाहावा. माझा आशीर्वाद आहे. शंका घेणाऱ्याच्या घरात मृत्यू येईल."

ताई गर्दीतून पुढे सरकली. ती महाराजांच्या पुस्तकांची छपाईआधीची मुद्रितं तपासून चुका दुरुस्त करायची, आणि धाकटी तिची सख्खी बहीण.

"ताई, आजपासून गोळी बंद."

"अगं, डॉक्टरांना तरी विचार!"

"हळू बोल! महाराज ऐकतील."

तिसऱ्या दिवशी धाकटी स्वयंपाकघरात कोसळली. ताईने तिला कुशीवर वळवलं. झटका ओसरला, पण ताईच्या मनातून एक प्रश्न जाईना. मी शंका घेतली म्हणून तर नाही ना झालं?

धाकटीने जपून ठेवलेला तो कागद तिने भीतभीतच उघडला. सवयीने तांबडी पेन्सिल उचलली, आणि एका शब्दावर ती थबकली. आशीर्वाद. बावीस वर्षं महाराजांनी तो 'आशिर्वाद' असाच लिहिला होता. दर वेळी ताईच दुरुस्त करायची. म्हणजे हे लिहिणारा छापील पुस्तकं वाचून शिकला होता!

आधीच्या चित्रपटात महाराजांचा लिहिता हात दाखवला होता. तो सेटवर पाट्या रंगवणाऱ्या रंगाऱ्याचा, हे ताईला ठाऊक होतं. ताईने त्यालाच गाठलं.

त्याने मान खाली घातली. "लिंबाच्या रसाने लिहितो. वाळला की दिसत नाही, आच लागली की करपतो. निर्माते लोकांच्या अडचणींच्या चिठ्ठ्या आधीच घेतात, त्यावरून मजकूर सांगतात. मला म्हणाले, नुसती जाहिरात आहे."

"जाहिरात? माझी बहीण मरता मरता वाचली!"

पुढच्या सभेत ताई उठली. तिने स्वतःचा कोरा कागद दिव्यावर धरला. अक्षरं उमटली: 'धाकटे, गोळी घे.'

"शाप लागेल!" निर्माता ओरडला.

"भीती मलाही वाटतेय," ताई म्हणाली. "पण हे लिंबू मी माझ्या हाताने पिळलंय."

मागून रंगारी उभा राहिला. "महाराजांच्या कागदावरचं ते अक्षर माझं आहे."

धाकटी रडू लागली. ताईने तिला जवळ घेतलं आणि लोकांकडे वळली. "पुस्तकं आवडतात? वाचा. चित्रपटही बघा. पण औषधाचं डॉक्टरांनाच विचारा. आणि कुणी चमत्कार दाखवून भीती घातली, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा, 'हे केलं कसं?'"