फ्रिजच्या डोक्यावर उगवलेल्या मिरच्या

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे. गारवा हा माझा धंदा. पण आज सांगायची आहे ती उबेची गोष्ट.

एका कारखान्यात माझे पत्रे वाकवले, आत गॅस भरला आणि खोक्यात घालून मला या घरी पाठवलं. सुरुवातीला माझा काय थाट होता! शेजारीणसुद्धा दार उघडून बघून जायची. पुढे दाराचं रबर सैल पडलं, मी घुरघुरू लागलो. दुरुस्तीवाला 'आता भंगारात काढा' म्हणाला, तेव्हा मला चांगल्याच मिरच्या झोंबल्या.

घरात एक तरुण आई, तिची चिमुरडी लेक आणि त्या आईचे म्हातारे वडील, म्हणजे बाबा. आजारपणात बाबांच्या तोंडाची चव गेली. काय जेवलो तेच कळत नाही, म्हणून ते ताट सरकवायचे. सदरे अंगावर लोंबू लागले होते. पूर्वी ते स्वतः लावायचे त्या जहाल मिरच्यांच्या थोड्या बिया पुडीत उरल्या होत्या. ती मिरची तरी जिभेला लागेल, असं त्या आईच्या मनाने घेतलं. तोवर तिने कधी कुंडीला हात लावला नव्हता.

पहिल्या बिया तिने गार खिडकीत पेरल्या, पाणी घालून मातीचा चिखल केला आणि रोज काडीने उकरून पाहिल्या. त्या कुजल्या. पुडीत मोजक्याच राहिल्या, तेव्हा ती माझ्या दाराला टेकून रडली.

"अगं, पोरीला झोपवलंस की झोपली का म्हणून उठवून बघतेस का?" बाबांनी विचारलं.

"उठवत नाही. नाकाशी बोट धरून बघते."

बाबा हसले. मिरचीच्या बीला ऊब लागते, एवढं त्यांनी सांगितलं. मग ती घरभर तळहात टेकवत फिरली आणि माझ्या डोक्याशी थांबली. आतली उष्णता मी पाठीमागून वर सोडतो, हे इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं!

दह्याच्या डब्यांना भोकं पाडून, भुसभुशीत माती भरून तिने बिया माझ्यावर ठेवल्या. लेकीच्या डोळ्यांत तिखट जाऊ नये म्हणून हात पुन्हा पुन्हा साबणाने धुतले. रोज सकाळी ती स्टुलावर चढायची, उकरायचा मोह होऊ नये म्हणून हात पाठीमागे बांधायची आणि नुसती बघायची. मी तिच्याइतकं धीराचं माणूस पाहिलं नाही, कारण धीर तिच्या स्वभावातच नव्हता.

एक दिवस माती फुटली. एका रोपाच्या डोक्यावर बीचं टरफल अडकलं होतं. तिची बोटं पुढे गेली, थांबली. तिने पाण्याचा एक थेंब सोडला. दुसऱ्या दिवशी टरफल आपोआप गळलं.

रोपं उजेडात गेली, माझं डोकं रिकामं झालं. करमेना. पण पहिली लाल मिरची मी पाहिली. नखाएवढा तुकडा तिने ताटाच्या कडेला ठेवला. बाबांनी चावला. त्यांचे कान लाल झाले, नाक वाहू लागलं.

"पाणी," ते म्हणाले.

तिने धावत माझं दार उघडलं. बाटली घेऊन वळते तो बाबांनी ताट पुढे ओढलेलं.

"पाणी राहू दे. भात वाढ."

मित्रांनो, जुनी वस्तू टाकून देण्याआधी एकदा तिच्या अंगाला हात लावून बघा. आणि बी पेरलंत, तर त्याला त्याचा वेळ द्या.