पगाराच्या खिडकीखालचा खोका

मी एक जुना लाकडी खोका आहे. हसू नका, मित्रांनो. मोठी माणसं ज्याला खोका म्हणून डोळे मिचकावतात तो मी नव्हे. माझ्यात साबणाची पावडर होती. तुमच्या शाळेची सहल आज पालिकेच्या कचेरीत आली आहे, तुमच्या बाई आत कुणाची तरी सही घ्यायला गेल्या आहेत आणि तुम्ही या बोळात दंगा घालताय. एकाने मला लाथ मारली. एका शहाण्याने चघळलेलं चिंगम माझ्या फळीला चिकटवलं. आता बाई येईपर्यंत निमूट ऐकायचं, काय?

माझा जन्म काही कौतुकाने झाला नाही. एक सुतार दिवसाला चाळीस खोके ठोकायचा, त्यातला मी एक. हलक्या लाकडाच्या फळ्या, बत्तीस खिळे, रंग नाही, रंधा नाही. साबण भरून मला एका धुलाई कारखान्यात पाठवलं. तिथे पालिकेच्या दवाखान्यांच्या चादरी धुतल्या जायच्या. साबण संपला की खोका फोडून बंबात घालायचा, अशी तिथली रीत. मी वाचलो तो पगाराच्या खिडकीमुळे.

ती खिडकी आतल्या कारकुनाच्या सोयीने बांधलेली होती. तो उंच ओट्यावर खुर्ची टाकून बसायचा, आणि बाहेरच्या बायकांचे हात काही तिथवर पोचायचे नाहीत. म्हणून मला पालथा घालून खिडकीखाली ठेवलं. दर महिन्याला एकेक बाई माझ्यावर चढायची, कारकून आतून आकडा ओरडायचा, पैसे हातात टेकवायचा आणि कोऱ्या कागदावर अंगठा किंवा सही घ्यायचा. चिठ्ठी कधी द्यायचा नाही. आतल्या वहीत काय लिहायचा ते त्याचं त्यालाच ठाऊक. सात वर्षं मी एकच आकडा ऐकला, नऊ हजार. वरच्या मजल्यावरच्या साहेबांना दीड लाख मिळायचे, असं बायका बोलायच्या. साहेब माझ्यावर कधी चढले नाहीत.

त्या बायकांत एक इस्त्रीवाली होती. अंगाने बुटकी, हातावर कोपरापर्यंत चटक्यांचे डाग आणि जीभ अशी की कारकूनसुद्धा तिला टरकून असायचा. घरात ती थोरली सून, म्हणून सगळे तिला थोरलीच म्हणायचे. एकदा कुठूनतरी तिच्या कानावर आलं की पालिका एक नियम करायचा विचार करतेय. पालिकेचं काम घेणाऱ्या कारखान्यात सगळ्यात वरच्याचा पगार सगळ्यात खालच्याच्या दहापटीहून जास्त नको. लोकांनी मागणी केली तर सुनावणी होईल, नाहीतर कागद फडताळात. झालं, थोरलीने पदर खोचला. पगाराच्या खिडकीखालून मला भरदिवसा काखोटीला मारलं आणि निघाली.

"ए, खोका कुठे चालवलास?" कारकून आतून खेकसला.

"तुमची खिडकी खाली आणा, मग परत देते!" थोरली मागे न बघता म्हणाली.

मित्रांनो, त्या दिवशी मला जरा बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

चौकाचौकात मला ठेवायचं आणि वर चढून त्या नियमाची मागणी करायची, ही थोरलीची मोहीम. तिने तिचा एक दंडक घातला. खोक्यावर जो चढेल त्याने आधी स्वतःचा पगार मोठ्याने सांगायचा, मग बोलायचं. चादरींच्या घड्या घालणारी बाई तो आकडा कागदावर लिहून घेणार, पुढे सही घेणार, आणि ते कागद पालिकेत जाणार. दंडक चांगला होता. माणसं आजार सांगतात, भांडणं सांगतात, पगार तेवढा सांगत नाहीत. आणि जिथे कोणीच सांगत नाही तिथे वरचा किती खातो ते खालच्याला कळायचं कसं?

पहिल्या दिवशी भाजीबाजाराच्या कोपऱ्यावर मला ठेवलं. थोरली चढली. गर्दी जमली, आणि त्या गर्दीत नेमकी तिची धाकटी जाऊ उभी. या दोघींचं घर एक, मध्ये भिंत घालून चुली दोन, आणि पंधरा वर्षं विस्तव जात नव्हता. धाकटी कापडाच्या मोठ्या दुकानात गल्ल्यावर बसायची आणि ते उठता बसता थोरलीला ऐकवायची. आताही हातातली पिशवी खाली ठेवून ती म्हणाली, "सांगा की जाऊबाई! आम्हालाही कळू दे, किती मिळवता ते."

थोरलीचा चेहरा लालबुंद झाला. "पंधरा हजार!" ती म्हणाली.

मी कळवळलो. अगं बाई, सात वर्षं माझ्यावर उभी राहून नऊ घेतलेस आणि माझ्याच डोक्यावर उभी राहून पंधरा सांगतेस? पण खोक्याचं कोण ऐकतो! घड्या घालणारीने पंधरा लिहिलं. ती तरी काय करणार, पुढच्याच क्षणाला तिचीच पाळी होती. थोरलीने पंधरा म्हटल्यावर आपण नऊ म्हणून खाली मान कोण घालणार? तिनेही पंधराच सांगितलं. धुणारी चढली, तिचेही पंधरा. बंबावरचा म्हातारा तर सोळा म्हणाला, कारण त्याचे व्याही समोर उभे होते.

सहा आठवडे हा तमाशा चालला. ज्या कोपऱ्यावर जावं तिथून हुसकून लावायचे. एका दुकानदाराने माझ्यावर बादलीभर घाण पाणी ओतलं. "मेहनत करा, साहेबांवर जळू नका!" असं म्हणून एक जण थोरलीच्या पायाजवळ थुंकला, म्हणजे माझ्यावरच. ते सगळं मी सोसलं. पण रोज ते पंधरा, पंधरा, पंधरा ऐकून माझ्या खिळ्यांना गंज चढायची वेळ आली. थोरलीला कळत नव्हतं असं नाही. दोनदा घड्या घालणारीकडून तिने कागद मागून घेतले, बघितले आणि परत दिले. खोडायचं म्हणजे सगळ्यांसमोर सांगायचं, आणि सगळ्यांत धाकटी आलीच. मला थोरलीचा भयंकर राग आला. अजूनही थोडा आहे.

सुनावणी इथेच झाली, त्या समोरच्या दारामागच्या खोलीत. टेबलं साहेबलोकांना, म्हणून थोरलीने उभं राहून बोलायला मला आत नेलं. मागच्या बाकांवर शंभरेक माणसं होती, आणि मजा बघायला धाकटीही आली होती. कारखान्याचा वकील उठला. त्याच्या हातात आमचेच कागद होते.

"हे यांनी स्वतः लिहून दिलंय," तो सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याला म्हणाला. "सर्वात खालचा पगार पंधरा हजार. आमच्या वहीतही पंधराच आहे. साहेबांना दीड लाख. बरोब्बर दहापट! मग नियम कशासाठी हवाय? पुढच्या पाच वर्षांचं काम आम्हाला द्या आणि या बायकांना घरी पाठवा."

त्या हरामखोराला वहीतला आकडा खोटा आहे हे ठाऊक होतं, आणि आम्ही आपल्या हाताने त्यावर शिक्का मारून दिला होता. थोरली माझ्यावर चढली. तिने मागे वळून धाकटीकडे बघितलं आणि मग अधिकाऱ्याकडे.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "मला नऊ मिळतात. सात वर्षं नऊच. लाज वाटली म्हणून पंधरा सांगितलं, आणि माझ्यामागे सगळ्यांनी सांगितलं. चूक माझी आहे."

वकील हसला. "सोयीचं झालं की खरं बदलतं का हो बाई? तेव्हा खोटं की आत्ता खोटं? पुरावा काय?"

पुरावा कुठला आणणार ती? अधिकाऱ्याने लेखणी खाली ठेवली. तेवढ्यात मागून आवाज आला, "आत्ता खरं बोलतेय ती."

धाकटी उभी राहिली होती. वकील म्हणाला, "या कोण? नात्यातल्या? मग त्या यांच्या बाजूने बोलणारच."

"हिच्या बाजूने? मी?" धाकटी असं कडाडली की अधिकारीही दचकला. "आमच्या आळीत कुणालाही विचारा, या बाईच्या बाजूने मी जन्मात एक शब्द बोललेय का! हिचं तोंड बघायची इच्छा नसते मला. पण दर महिन्याच्या विसाव्या दिवशी ही पोराला रिकामी वाटी देऊन माझ्याकडे पाठवते, कधी तांदूळ मागायला, कधी तेल. स्वतः येत नाही, ताठा आहे ना! पंधरा हजार मिळवणाऱ्या घरातून वाटी येते होय? पहिल्यापासून कळत होतं मला."

अधिकाऱ्याने थोरलीकडे बघितलं. थोरली खाली मान घालून रडत होती. "पुढच्या पगाराला मी स्वतः त्या खिडकीपाशी उभा राहतो," अधिकारी म्हणाला आणि त्याने आमचे कागद बाजूला सारले. वकिलाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

बाहेर या बोळात थोरलीने धाकटीला गाठलं. तुम्हाला वाटेल गळ्यात पडली असेल. छे!

"माहीत होतं तर भर बाजारात मला का विचारलंस?" ती ओरडली.

"खरं सांगाल असं वाटलं होतं, जाऊबाई!" धाकटीही ओरडली. "तुम्ही नऊ म्हणाला असता तर माझे साडेआठ मी सांगितले असते. पंधरा ऐकल्यावर कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

थोरलीने पदराने डोळे पुसले. मग दोघी एकाच रस्त्याने घरी गेल्या, आणि मी इथेच राहिलो. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढे नियम झाला. साहेबांनी आपला पगार कमी केला नाही, म्हणून खालच्यांचा वाढवावा लागला. ते मला इथल्या शिपायांच्या बोलण्यातून कळलं. आता मोहिमेला लोखंडी व्यासपीठ मिळालंय, माईक मिळालाय. वर चढणारे तासभर बोलतात आणि स्वतःचा पगार सांगत नाहीत. माझ्यावर पाण्याचा माठ ठेवतात, फळी कुजत चालली आहे. ते चिंगम काढलंत तर बरं, नाही काढलंत तरी चालेल. पण घरी आई, बाबा, काका काय मिळवतात ते झाकू नका, आणि कोणी कमी सांगितलं तर दात काढू नका. झाकलं की वकिलाचं फावतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

त्या बघा, तुमच्या बाई आल्या. जाताना त्यांना विचारा, शाळा पगाराच्या किती आकड्यावर त्यांची सही घेते आणि हातात किती देते. रागावतील. रागावू देत. पण त्या इकडेतिकडे बघून हळूच सांगायला लागल्या, तर तेवढ्यापुरता तरी दंगा बंद करा.