शेजाऱ्याची उत्तरं

तुरुंगातल्या कॉम्प्युटरच्या खोलीत गवंड्याने आपला कागद वाचला आणि त्याचा चेहराच उतरला. नशा सोडवणाऱ्या बारा धड्यांतली त्याची उत्तरं जुळवून कॉम्प्युटरने सल्ला छापला होता: बाहेर गेल्यावर तलफ आली, तर थेट मोठ्या भावाकडे जा.

पहिली पुडी त्याच्या हातावर ठेवली होती ती याच मोठ्या भावाने.

चूक कॉम्प्युटरची नव्हती. धडे लवकर उरकावेत म्हणून गवंडी रोज शेजारच्या शिंप्याच्या पडद्यावर बघून तीच उत्तरं दाबत आला होता. शिंप्याचा भाऊ देवमाणूस होता.

"बाई, माझं सगळं पुसा. पहिल्यापासून करतो," तो शिकवणाऱ्या बाईंना म्हणाला.

"अहो, तेरा दिवसांनी सुटताय तुम्ही. आणि दिवसाला एकच धडा मिळतो."

"मग एक दिवस उरतोच की."

शिंपी हसला. "अरे गवंड्या, कागद मिळालाय ना? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"खालचा थर वाकडा गेला की भिंत पाडावीच लागते, बाबा. घरी लेक चालायला लागलीय. ती धडपडत येईल, तेव्हा तिला झेलायला मला शुद्धीत उभं राहायचंय."

बाईंनी उत्तरं पुसली. गवंडी उठून दूर कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर जाऊन बसला. पडद्यावर पहिला प्रश्न आला: नशा पहिल्यांदा कोणी दिली?

एकेक अक्षर शोधत त्याने लिहिलं: माझ्या दादाने.