अडीचची वायर

अर्धापुरात व्यंकट वायरमनचं एक टुमणं सगळ्या गावाला पाठ होतं. गिऱ्हाईक कितीही कुरकुरलं, तरी एसीच्या कामाला तो अडीच एमएमची वायर हातात धरायचा नाही. "चारचीच घ्या," म्हणायचा. "वायरीच्या डब्यावर लिहिलेला भाराचा आकडा थंड हवेतला हाय. आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याखाली वायर आधीच तापलेली असती, तिच्यानं तेवढा भार उचलवत न्हाई." समोरच्याला पटेपर्यंत तो उठायचाच नाही. त्याच्या या हेकटपणाला लोक हसायचे आणि काम पुन्हा त्यालाच द्यायचे.

असा हा माणूस स्वतःच्या घरी मात्र फसला, आणि फसला तो लेकीच्या मायेपायी.

सुकन्या त्याची एकुलती एक. सातवा महिना भरला तशी ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. नांदेडला तिच्या सासरी पक्कं घर, गार खोली. इथं व्यंकटच्या डोक्यावर पत्रे. तिच्या सासूबाईंनी, उमादेवींनी, फोनवर सरळच सांगितलं होतं, "रीत म्या मोडत न्हाई, पोरगी धाडते. पण एकदा येऊन बघणार. तिला तिथं उकाडा सोसत नसला, तर संगं घेऊन येणार." बाई बोलल्या ते वाईट नव्हतं, पण व्यंकटची बायको कस्तुराबाई त्या दिवशी नीट जेवली नाही. लेकीचं पहिलं बाळंतपण आपल्या हातून व्हावं, एवढं एकच ती देवाकडं मागत होती.

व्यंकटनं एसी आणला. चारची वायर गावात संपलेली, नांदेडहून मागवावी लागणार होती, आणि सुकन्या त्याच संध्याकाळी यायची होती. पोरीला पहिल्याच रात्री उकडायला नको म्हणून त्यानं घरात पडलेली अडीचची वायर ओढली. एकच तर एसी, वायर भिंतीवरून मोकळी चाललीय, तिला हवा लागेल, नंतर बदलू, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर त्याची खैर नव्हती. शिवाय उरलेली वायर तोडली नाही. मागच्या अंगणात कधीतरी पक्की खोली बांधू, नातवंडं सुट्टीला येतील, तेव्हा एसी तिकडं न्यायला ती पुरेल, म्हणून तिचं भलंमोठं भेंडोळं करून कोपऱ्यात ठेवलं. आजोबा व्हायच्या आधीच माणूस सुट्ट्यांचे बेत करत होता.

सुकन्या आली आणि घर भरलं. दुपारची ती गार खोलीत पाय पसरून झोपायची, तेव्हा कस्तुराबाई दाराशी उभी राहून नुसती बघायची.

मग एक दिवस ऐन दुपारी उमादेवी आल्या. पदरानं घाम पुसत त्या खोलीत शिरल्या, पलंगावर बसल्या, सुनेचा चेहरा निरखला. दोन महिन्यांत नव्हता एवढा तजेला त्यावर होता. "राहू द्या हितंच," त्या म्हणाल्या. "लई छान ठेवलंय पोरीला." कस्तुराबाईचे डोळे भरून आले. सगळे पन्हं प्यायला बाहेरच्या खोलीत गेले. व्यंकट एकटाच आत थांबला, मनातल्या मनात मिरवायला.

आणि तेवढ्यात त्याला वास आला.

तापलेल्या प्लास्टिकचा वास. जन्मभर हेच काम केलेलं नाक, ते थेट कोपऱ्याकडं वळलं. तिथं भेंडोळं दिसेना. दिसली ती घडी घातलेली वाकळ, आणि तिच्यावर बाळासाठी जुन्या लुगड्यांची शिवलेली दुपटी. त्यानं वाकळीखाली हात घातला आणि झटकन मागं घेतला. धावत जाऊन बटन पाडलं. ढीग उपसला, तर वायरीचे वेढे मऊ होऊन एकमेकांना चिकटलेले, आणि सगळ्यात खालचं दुपटं एका कडेला करपलेलं.

एसी बंद झाल्याचं कळून कस्तुराबाई आत आली. समोरचं बघून तिचा चेहरा उतरला. "म्या झाकलं," ती कशीबशी बोलली. "पोरीचा पाय अडकून ती पडंल म्हणून झाकलं."

व्यंकटचा राग गावात नावाजलेला. तोंड उघडलंही त्यानं. पण हातात ते वीतभर करपलेलं दुपटं होतं, आणि समोर भेदरलेली बायको. "तुझं न्हाई चुकलं," तो म्हणाला. "गुंडाळलेल्या वायरीला वारा लागत न्हाई, ती आतल्या आत तापती. ती म्या ठेवली. बारीक वायर बी म्याच टाकली."

बाहेरून उमादेवींची हाक आली. "व्याही, काय करून राहिले आत? लाइट गेली काय?"

कस्तुराबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. हो म्हणा, असं तिचे डोळे सांगत होते. लाइट तर रोजच जाते, कुणाला शंका आली असती? उद्या वायर बदलली की झालं. व्यंकटलाही तेच म्हणावंसं वाटलं, फार वाटलं. खरं सांगितलं तर पोरगी जाणार होती. पण ती ज्या पलंगावर निजत होती तो त्या कोपऱ्यापासून हातभर लांब होता.

दुपटं तसंच हातात घेऊन तो बाहेर आला. "लाइट न्हाई गेली, इहीणबाई. वायर तापली. चूक माझी हाय. म्या सगळी नवी टाकीन, पण आज ही खोली पोरीला निजायच्या लायकीची न्हाई." त्यानं दुपटं त्यांच्यापुढं धरलं. "तिला आजच संगं घेऊन जा."

"बाबा!" सुकन्या म्हणाली. कस्तुराबाई तोंडात पदर धरून दारातच बसली.

उमादेवींनी दुपटं त्याच्या हातातून घेतलं. करपलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"व्याही," त्या म्हणाल्या, "पोरगी ऱ्हावी म्हणून तुमचा जीव किती तुटतो, ते काय मला दिसत न्हाई? तरी तुम्ही स्वतःच्या तोंडानं घेऊन जा म्हणालात. मग तिला तुमच्यापाशी ठेवायला म्या कशाला भ्यावं?"

त्यांनी पन्ह्याचा पेला कस्तुराबाईच्या हातात दिला आणि पदर कमरेला खोचला.

"जा, चारची वायर घेऊन या. तवर तिची खाट ह्या पंख्याखाली घालू. आन माझी बी घाला बाजूला, वायर लागल्याबिगर म्या काय हलत न्हाई."