तळाची साखर

"हो म्हणाला! हरीश हो म्हणाला!"

लंडनमधल्या आमच्या हॅरोच्या घरात रविवारी दुपारी वीसेक माणसं एकदम ओरडली. मोहनकाकांनी उघडलेल्या बिअरच्या बाटलीतून फेस उसळून गालिच्यावर सांडला होता. शेजारच्या अक्षयाने तर डोळे पुसले. मला काहीच वाटलं नाही. गालिचा कोण धुणार, एवढंच मनात आलं.

हरीश माझा नवरा. बिअर घरीच करायचा. फेब्रुवारीत चाळीस बाटल्या भरल्या आणि महिन्याभरात हार्ट अटॅकने गेला. तेव्हापासून मी बधिर होते. ईलिंगचे हे अंगारेवाले मोहनकाका दर रविवारी गॅरेजमधून त्याच्या बाटल्या आणून त्याच्याशी बोलू लागले, तरी मी अडवलं नाही. बाटली फेसाळली तर 'हो', गप्प राहिली तर 'नाही'.

"आत्मा म्हणजे वायू, आणि वायू म्हणजे फेस! अहो, सायन्ससुद्धा हेच सांगतं," काका म्हणाले. "हरीशराव, वहिनींनी गुरुवारी ऑपरेशन करावं का?"

माझ्या छातीत गाठ निघाली होती. काकांनी झाकण काढलं. बाटली साधी फुसफुसलीसुद्धा नाही.

"नाही म्हणतोय! सुरी नको. माझा अंगारा पुरे."

"आई, धिस इज मॅड!" माझी लेक दिया उठलीच. "ती गाठ वाढणार! तू येतेयस ना गुरुवारी?"

"बघू," मी म्हटलं. खरं तर सोमवारी हॉस्पिटलला फोन करून नाही सांगणार होते. जगायचं तरी कशासाठी?

चहा करायला आत गेले. कपात साखर टाकली, ढवळायचं त्राण नव्हतं. पहिला घोट अगोड, शेवटचा नुसता पाक. हरीश तीस वर्षं असाच चहा प्यायचा आणि तळाची साखर चमच्याने खायचा. "ढवळायचे कष्ट कोण घेणार, मंजिरी!"

मी कप खाली ठेवला.

बाटल्या भरण्याआधी बिअरमध्ये साखरेचा पाक घालतात. यीस्ट तो खातं, त्याचाच बाटलीत गॅस होतो. पाक जड, भरायच्या बादलीच्या तळाशी बसतो, आणि बादलीचा नळही तळाशीच. हा गृहस्थ तिथे तरी कशाला ढवळतोय! साखर सगळी पहिल्या बाटल्यांत, शेवटच्या बिनसाखरेच्या. आणि झाकणांवर त्याने भरल्याच्या क्रमाने नंबर घातले होते.

बाहेर येऊन टेबलावरची झाकणं पाहिली. 'हो'चं चार, 'नाही'चं छत्तीस. काकांनी ही मेख कधीच ओळखली होती. मी गॅरेजमधून दोन आणि एकोणचाळीस नंबर आणले.

"आता मी विचारते. हरीश, मोहनकाका लबाड आहेत का?"

दोन नंबरचा फेस थेट काकांच्या सदऱ्यावर.

"काका खरं बोलतात का?"

एकोणचाळीस ढिम्म.

"वहिनी, मृतात्म्याची चेष्टा..."

"आत्मा नाही हो, आळस आहे तो! माझ्या नवऱ्याचा. मी ओळखते." सगळ्यांना नंबर दाखवले, पाकाचं सांगितलं. काका चहा न घेताच गेले.

"मग बाबा ऑपरेशनला हो म्हणतो का?" दियाने विचारलं.

"बाबा काहीच म्हणत नाही गं. तो गेलाय. डॉक्टर म्हणतात, करा."

तुम्हालाही एवढंच सांगते. कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी झाकणावरचा नंबर बघा. आणि दुखण्याचं डॉक्टरला विचारा, मेलेल्यांना नको.

गुरुवारी गाठ काढली. संध्याकाळी दियाने चहा आणला. मी तो ढवळला नाही. तळाची साखर चमच्याने खाल्ली, आणि हरीश गेल्यापासून पहिल्यांदा रडले.