युक्ती कुणाची

२००३ साली हेरंब गुडगावला आला, तेव्हा ऑफिसच्या काचेच्या इमारतीसमोर अजून मोहरीचं शेत होतं. पुण्यात चार वर्षं नोकरी केलेला तो इथे टीम लीड झाला. टीममध्ये दुसरी मराठी फक्त शुभदा. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली, मराठी बोलता बोलता हिंदीवर घसरणारी.

काम एका इंग्लिश ट्रॅव्हल कंपनीचं होतं. बुकिंगची माहिती एक्सएमएलमध्ये, म्हणजे टॅग लावलेल्या मजकुराच्या रूपात यायची, तिच्यावरून प्रवाशाचं व्हाउचर छापायचं. प्रत्येक हॉटेलला व्हाउचर आपल्या पद्धतीचं हवं असायचं, म्हणून छपाईचे नियम लिहिलेल्या एक्सएसएलटीच्या स्टाईलशीटमध्ये प्रत्येकाचं वेगळं टेम्पलेट, म्हणजे साचा. कोणतं चालवायचं हे ठरवायला हेरंबने अटींची शिडी लिहिली होती: हे हॉटेल असेल तर हे, ते असेल तर ते. हॉटेलं साठ झाली. नवीन हॉटेल आलं की शिडीला हात लावायचा आणि हटकून जुनं काहीतरी मोडायचं.

"टेम्पलेटचं नाव डेटामधूनच का नाही घेत आपण?" शुभदाने विचारलं.

"चालत नाही. नावाने बोलवायचं तर ते नाव आधीच लिहून ठेवावं लागतं. तिथे व्हेरिएबल टाकता येत नाही."

दोन दिवस ती जेवतानाही कागदावर काहीतरी खरडत होती. तिसऱ्या दिवशी तिने त्याला खुर्चीसकट आपल्या स्क्रीनसमोर ओढलं.

"नावाने बोलवायचंच नाही, यार!"

तिने स्टाईलशीटमध्येच प्रत्येक हॉटेलसाठी एक छोटा रिकामा टॅग, म्हणजे नुसती खूण, ठेवला होता. हॉटेलच्या कोडवरून फक्त तो टॅग शोधायचा आणि पुढे करायचा. त्याला जुळणारं टेम्पलेट स्टाईलशीट वाचणारा प्रोसेसर आपणहून शोधून चालवत होता. शिडीच गेली. नवीन हॉटेल म्हणजे एक टॅग, एक टेम्पलेट, बस.

"कमाल आहे," हेरंब म्हणाला, आणि ते अगदी मनापासून म्हणाला.

शुक्रवारी क्लायंटला दाखवायचं होतं. लंडनची माणसं फोनवर होती, गुडगावचे मॅनेजर टेबलाशी. शुभदा नमुन्याची व्हाउचरं प्रिंटरवरून आणायला गेली होती. तेवढ्यात फोनवरून कुणीतरी विचारलं, "हे सुचलं कुणाला?"

"मला," हेरंब म्हणाला.

खोटं बोलायचं त्याने ठरवलं नव्हतं. शब्द निघून गेला. मॅनेजरने त्याची पाठ थोपटली आणि त्याच वेळी शुभदा कागद घेऊन आत आली. दुरुस्त करायला एक वाक्य पुरलं असतं. त्याने कागद वाटले.

संध्याकाळी तिने विचारलं, "माझं नाव सांगितलंस ना?"

"अगं, टीमचंच नाव झालं."

"अच्छा," ती म्हणाली.

दोन महिन्यांनी हेरंबला लंडनला पाठवलं. शुभदाने नोकरी सोडल्याचं त्याला तिथेच कळलं. मेल लिहायला तो अनेकदा बसला, पण दर वेळी मजकुरात स्वतःची बाजूच येई, म्हणून पाठवली नाही.

दहा वर्षांनी तो परत आला, तेव्हा कस्तुरबा गांधी मार्गावरच्या अतिथिगृहाच्या कँटीनमध्ये ती दिसली. आता एका कॉलेजात शिकवत होती. तो आपलं ताट घेऊन समोर बसला आणि इकडचं तिकडचं न बोलता म्हणाला, "त्या दिवशी मी खोटं बोललो, शुभदा. चूक झाली माझी."

तिने चमचा खाली ठेवला.

"मला लंडनचं काही नव्हतं रे. पण सकाळी निघताना पप्पांना सांगितलं होतं, आज माझं काम दाखवणार आहेत. संध्याकाळी ते बसस्टॉपवर घ्यायला आले होते. म्हणाले, साहेब लोक काय म्हणाले? मी म्हटलं, दाखवलंच नाही."

"मी येऊन सांगतो त्यांना. आज सांगतो."

"पप्पा गेले. गेल्याच्या गेल्या डिसेंबरात."

तिने ताट उचललं, जाताना क्षणभर थांबली. "सांगितलंस ते बरं केलंस," म्हणाली आणि हात धुवायला गेली.

त्याच्या ताटातली पोळी तशीच राहिली. ताट उचलू का म्हणून वाढप्याने दोनदा विचारलं, तरी त्याला उठवेना.